खान्देशात समुद्र नाही म्हणून पाणबुडी नको? वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद,

स.न.वि.वि.

आधी बंद पाकिटात पत्र दिलं होतं. पोच मिळाली, शिक्का पण छान उमटलाय, उत्तर काही आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्हाला कमीपणा आणायचा हेतू नाही, तुमच्यातले निम्मे माझ्या ओळखीचे, एकदोन तर शाळेत माझ्याच बाकावर बसलेले, पण वाचनालय गावाचं आहे, वर्गणी गाव भरतं, तर काय झालं ते गावाला कळू द्या.

८ डिसेंबरला आपल्या वरच्या हॉलमध्ये पाणबुडीचा इतिहास सांगणारं प्रदर्शन लागणार होतं. ८ डिसेंबर हा आपल्या नौदलाचा पाणबुडी दिवस, १९६७ साली ह्याच तारखेला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात आयएनएस कलवरी आपल्या ताफ्यात आली, ती आपली पहिली. हॉल मंडळानेच दिला होता आणि तोंडी नाही, लेखी. पॅनल छापून झाले, आयटीआयच्या पोरांनी पत्रा आणि पीव्हीसी पाइपचं मॉडेल बनवलं, एक बाजू कापून आतले टॉर्पेडो ट्यूब, बॅटऱ्या, इंजिन सगळं दिसेल असं, आणि पेरिस्कोप तर खराच, आरसे बसवलेला, खाली वाकून बघितलं की खिडकीबाहेरचा बसस्टँड दिसायचा. आणि ऐन वेळी व्हॉट्सॅपवर मेसेज आला, "अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम रद्द." अपरिहार्य कारण दुसऱ्याच दिवशी गेटवर बॅनर लावून उभं होतं, साड्या आणि ड्रेस मटेरियलचा भव्य सेल.

विचारायला आलो तेव्हा एका सभासदांनी हसत हसत विचारलं, "भाऊ, आपला खान्देशमा समुद्र कोठे शे?" सगळे हसले, मी पण हसलो, कारण प्रश्न खोटा नाही. पण त्या प्रश्नावर प्रदर्शन रद्द होत असेल तर त्याचं उत्तर द्यायला पाहिजे.

माझा ह्यात काय संबंध ते आधी सांगतो. मी नेव्हीत इलेक्ट्रिकल ब्रांचला होतो आणि नोकरीची बरीचशी वर्षं रशियन बनावटीच्या फॉक्सट्रॉट बोटींवर गेली (आम्ही पाणबुडीला बोटच म्हणतो). माझं काम बॅटरीचं. पाण्याखाली डिझेल इंजिन चालवता येत नाही, तिथं सगळं बॅटरीवर, आणि बॅटरी उतरली की वर यायचं किंवा स्नॉर्टिंग करायचं, म्हणजे नुसती नळी पाण्याबाहेर काढून हवा घ्यायची, इंजिन चालवायचं, चार्ज करायचं आणि परत खाली. बॅटऱ्या राहायच्या जागेच्या खाली, वर इतकी कमी जागा की पोटावर सरपटत जाऊन एकेका सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या ॲसिडची घनता) घ्यायची, हायड्रोजनच्या मीटरवर डोळा ठेवायचा, घाम डोळ्यात जातोय तरी हात पुसायची सोय नाही. आंघोळ विसरा, गोडं पाणी पिण्यापुरतं. बंक एक आणि झोपणारे दोघं, एक ड्युटीवर गेला की दुसरा त्याच गरम गादीवर. सुट्टीवर घरी आलो की आई पेटी उघडायची आणि सगळे कपडे डिझेलच्या वासाने अंगणातल्या दोरीवर टाकायची आणि म्हणायची, "पानीमा बुडीसन काय नोकरी करस रे तू?" तिला नीट सांगायला मला कधी जमलं नाही. ते गावातल्या पोरांना सांगावं एवढीच इच्छा होती.

आता समुद्राचं. पाणबुडी दिसत नाही, ते तिचं काम आहे. ती इतिहासात काय करून जाते ते समुद्रावर कमी दिसतं आणि हजारो मैल लांबच्या बाजारात, रेशनच्या रांगेत, कुणाच्या तरी घरी परत न आलेल्या माणसात जास्त दिसतं. म्हणून बंदरावर राहणाऱ्याइतकाच आपला पण तिच्याशी संबंध आहे. हे मी हवेत बोलत नाही, कपाशीचंच घ्या.

अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, तिथला कापूस बाहेर पडेना, इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या आणि मग साहेबाला आपला कापूस आठवला. खान्देश-वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे तो भाव आला, जो तो कपाशी पेरायला लागला, त्याच काळात रेल्वे भुसावळपर्यंत आली, मुंबईचे शेठ गब्बर झाले. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव धाडकन आपटला, मुंबईत पेढ्या बुडाल्या. भाव आपटणं म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला समजवायला नको. आता हीच नाकेबंदी फोडायला दक्षिणवाल्यांनी एक लोखंडी बोट बनवली, नाव हनली. साधारण बारा मीटर लांब, आत आठ माणसं, सात जण हाताने दांडा फिरवणार म्हणजे पंखा फिरणार आणि एकजण सुकाणूवर. चाचण्यांमध्येच ती दोनदा बुडाली, तेरा जण गेले, ज्याचं नाव तिला आहे तो होरेस हनली पण त्यात गेला. तरी पुन्हा आठ माणसं तयार झाली. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री चार्ल्स्टन बंदराबाहेर नाकेबंदीच्या पहाऱ्यावर असलेलं हाउसाटॉनिक नावाचं जहाज त्यांनी स्फोटाने बुडवलं. पाणबुडीने लढाईत जहाज बुडवल्याची जगातली ही पहिली वेळ. हनली पण परत आली नाही, ती समुद्रातून वर काढली थेट २००० साली, आत आठही जणांचे सांगाडे. ज्या नाकेबंदीमुळे आपल्या पणजोबांच्या कपाशीला भाव आला त्याच नाकेबंदीवरचं एक जहाज जगातल्या पहिल्या यशस्वी पाणबुडीने बुडवलं. हा पॅनल नंबर एक होता. तो बघून पण कुणी समुद्र कोठे शे विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

केळीचं सांगू? दुसऱ्या महायुद्धात जर्मन यू-बोटींनी अटलांटिकमध्ये मालाची जहाजं बुडवायचा सपाटा लावला, ब्रिटनला जहाजं पुरेनात, तेव्हा नोव्हेंबर १९४० मध्ये त्यांनी केळ्याची आयातच बंद केली कारण केळी आणणारी थंड कोठारांची जहाजं दुसऱ्या कामाला हवी होती. पुन्हा केळी उतरली ती डिसेंबर १९४५ च्या शेवटी. मधल्या वर्षांत वाढलेल्या तिथल्या पोरांनी केळं पाहिलेलंच नव्हतं. रावेर-यावलकडच्या माणसाला हे सांगून बघा, पाणबुडी म्हणजे काय ते एका मिनिटात कळेल.

आणि सोनोग्राफी. पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या कशा शोधायच्या म्हणून पॉल लँजव्हँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्झच्या स्फटिकातून अल्ट्रासाऊंड लाटा सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडायची युक्ती काढली. तेच तत्त्व पुढे धातूतल्या भेगा तपासायला आणि मग १९५० च्या दशकात ग्लासगोला आयन डोनाल्ड ह्या डॉक्टरने पोटातलं बाळ बघायला वापरलं. आपल्या स्टेशन रोडवरच्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमागे पाणबुडीची भीती आहे. (गर्भलिंग तपासणी होत नाही अशी पाटी तिथं का लावावी लागते तो वेगळा विषय, त्याचं खापर पाणबुडीवर फोडता येणार नाही.)

आता तुमचे आक्षेप. काही तुमच्या तोंडून ऐकले, काही दुसऱ्यांकडून.

एक म्हणणं असं की हा युद्धाचा उदोउदो आहे, वाचनालयात नको. दुसरं म्हणणं बरोबर उलटं, की देशभक्तीचे तेवढे पॅनल लावा आणि मेलेल्यांचे फोटो काढून टाका, सण-समारंभाच्या दिवसांत बरं दिसत नाही. मंडळाने आधी आपसात ठरवावं की माझा गुन्हा नेमका कोणता. मला दोन्ही मान्य नाही आणि का ते एका पॅनलवरून सांगतो, ज्याच्यावर सगळ्यात जास्त वाद झाला.

नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीतल्या कीलहून यू-१८० ह्या पाणबुडीत बसले, सोबत हैदराबादचे आबिद हसन. अर्ध्या जगाला वळसा घालून एप्रिलच्या शेवटी मादागास्करजवळ पोचले, तिथं जपानची आय-२९ नावाची पाणबुडी वाट बघत होती, समुद्र खवळलेला, रबरी होडीतून एका बोटीवरून दुसरीवर गेले आणि मे महिन्यात सुमात्राच्या टोकाला साबांगला उतरले. पुढे आझाद हिंद सेनेचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हा फोटो लावायला कुणाची ना नव्हती, उलट मोठा करा म्हणाले. पण ह्याच आय-२९ ने त्याच्या पाचच महिने आधी, २३ नोव्हेंबर १९४२ ला, मुंबईहून आफ्रिकेला निघालेलं तिलावा नावाचं प्रवासी जहाज बुडवलं होतं. २८० माणसं गेली. बहुतेक आपलीच, पोटापाण्याला निघालेली, बायकापोरांसकट. तीच पाणबुडी. एका पॅनलवर मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लावल्या होत्या आणि मला सांगण्यात आलं की डावीकडची ठेवा, उजवीकडची काढा. नाही काढणार. नेताजींचा त्यात काडीचा दोष नाही आणि त्यांचं धाडस ह्याने तसूभर कमी होत नाही, पण तिलावावरच्या माणसांना गावाने विसरावं हे कुठल्या देशभक्तीत बसतं ते मला सांगा. आय-२९ सुद्धा जुलै १९४४ ला अमेरिकन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. हे असंच असतं, जर्मन यू-बोटींवर गेलेल्या दर चार माणसांतली साधारण तीन परत आली नाहीत.

लुसिटानियाचा पॅनल पण "परदेशी" म्हणून नको होता. ७ मे १९१५, आयर्लंडजवळ, एक टॉर्पेडो, अठरा मिनिटांत जहाज खाली, जवळजवळ बाराशे मेले, त्यात शंभराच्या वर अमेरिकन. पुढे १९१७ मध्ये जर्मनीने कुठलंही जहाज न विचारता बुडवायचं धोरण पुन्हा चालू केलं आणि अमेरिका युद्धात उतरली, आणि ते युद्ध लढायला आपले लाखो शिपाई गेलेच होते, त्यात महाराष्ट्रातले किती. परदेशी कसलं त्यात.

युद्धाचा उदोउदो म्हणणाऱ्यांसाठी अर्खिपोव्हचा पॅनल होता, तो त्यांनी वाचला असता तर बरं झालं असतं. २७ ऑक्टोबर १९६२, रशियाने क्यूबात क्षेपणास्त्रं ठेवल्यावरून पेटलेलं संकट, जग अणुयुद्धाच्या काठावर. रशियाची बी-५९ पाणबुडी क्यूबाजवळ पाण्याखाली अडकलेली, वरून अमेरिकन जहाजं वर ये म्हणून इशाऱ्याचे छोटे बॉम्ब टाकतायत, पण आतल्यांना वाटतं खरंच युद्ध सुरू झालं, मॉस्कोशी संपर्क नाही, बॅटरी संपत आलेली, आत ४५ अंशांच्या वर, म्हणजे आपला मे महिना लोखंडी डब्यात बंद करून. बोटीवर एक अणुटॉर्पेडो. कॅप्टन चिडून तो तयार करा म्हणाला. त्याच बोटीवर असलेल्या वासिली अर्खिपोव्ह ह्या अधिकाऱ्याने नाही म्हटलं, कॅप्टनला शांत केलं, बोट वर आली. टॉर्पेडो सुटला असता तर पुढे काय झालं असतं ते तुम्हीच ठरवा. बी-५९ ही फॉक्सट्रॉट बोट, ज्या जातीच्या बोटीवर मी होतो तीच. बॅटरी संपत आली की आतल्या माणसांचे चेहरे कसे होतात, हवा जड झाली की माणूस क्षुल्लक गोष्टीवरून कसा अंगावर येतो ते मी पाहिलंय, म्हणून त्या माणसाचं नाही म्हणणं काय किमतीचं होतं ते मला जरा जास्त कळतं. हे युद्धखोरी आहे?

साहित्याच्या संस्थेला साहित्याचं वेगळं सांगायला नको, पण ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो आपल्या बालविभागात आहे, मी लहानपणी तिथूनच नेला होता, मागची पानं फाटलेली. जगातला सगळ्यात प्रसिद्ध पाणबुडीवाला, आणि १८७० च्या दशकात व्हर्नने त्याची ओळख उघड केली तेव्हा तो निघाला बुंदेलखंडाचा राजपुत्र डाक्कार, १८५७ ला इंग्रजांविरुद्ध लढून सगळं गमावलेला. व्हर्नला आधी तो पोलिश दाखवायचा होता, प्रकाशकाने रशियातला धंदा बघून नको म्हटलं. म्हणजे पाण्याखालून जगाशी भांडणारा हा माणूस कल्पनेत का होईना पण आपल्याच बाजूचा, त्याच बंडातला ज्यात इकडे सातपुड्यात भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले होते.

आणि समुद्र नाही म्हणता तर तापी कुठं जाते? आपल्या जिल्ह्यातून सुरतेला, तिथून खंबातच्या आखातात, पुढे अरबी समुद्र. त्याच समुद्रात दीवजवळ ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपली आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्याच्या काही दिवस आधी विशाखापट्टणमजवळ त्यांची गाझी पाणबुडी आत होती त्या सगळ्यांसकट बुडाली, आपण म्हणतो आपल्या राजपूत जहाजाने बुडवली, ते म्हणतात आतच स्फोट झाला. दोन्ही पॅनल शेजारी होते. ९ डिसेंबरला, खुकरीच्या दिवशी, हॉलमध्ये साड्यांवर पन्नास टक्के सूट चालू होती. सेलवाल्यांवर राग नाही, त्यांनी भाडं भरलं, त्यांचा धंदा आहे.

तर माझ्या तक्रारी मोजक्या आहेत. लेखी दिलेला हॉल व्हॉट्सॅपवर काढून घेतला, आणि त्यासाठी मंडळाची बैठक झाली का, ठराव झाला का, कुणी सांगत नाही. पॅनल जिन्याखाली झाडू-बादलीजवळ उभे केलेत. मॉडेल गच्चीवर टाकलंय, परवा गेलो तर पत्रा गंजायला लागलाय आणि पेरिस्कोपचा खालचा आरसा फुटलाय. मला त्या पोरांचं जास्त लागलं. त्यांनी स्वतःच्या पैशातून पाइप आणले, सुट्टीच्या दिवशी वेल्डिंग केलं, त्यातल्या एकाने मला विचारलं होतं की काका पाणबुडीत भरती कशी होते. त्याला कुणी फोन करून सॉरी म्हटलं नाही. आणि कारण म्हणून काय सांगितलं तर खान्देशात समुद्र नाही. खान्देशात हिमालय पण नाही, तरी एव्हरेस्टवरच्या व्याख्यानाला आपलाच हॉल भरला होता.

मागण्या पण साध्या आहेत.

प्रदर्शन रद्द का केलं ते सूचना फलकावर लेखी लावा, भाड्यासाठी केलं असेल तर तसं लिहा, लोक समजून घेतील.

नवी तारीख द्या. मी २३ जानेवारी सुचवतो, नेताजींची जयंती आहे आणि २०२३ साली ह्याच तारखेला मुंबईत माझगाव डॉकला बनलेली आयएनएस वागीर नौदलात आली. तीन दिवस हॉल पाहिजे, वीजबिल मी देतो. शाळांच्या परीक्षा लांब असतात, पोरं येऊ शकतात. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी किनाऱ्यावर म्युझियम करून ठेवलीय, लोक रांग लावून आत फिरतात, पण आपल्या किती पोरांना तिथपर्यंत जाणं जमणार, त्यांच्यासाठी हे पत्र्याचं मॉडेलच कुरसुरा.

पॅनल सगळे लागतील. तिलावा पण, लुसिटानिया पण, खुकरी पण, आणि आपली खांदेरी पाणबुडी पण, जी किल्ल्याच्या नावाने आहे, १६७९ मध्ये महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधलेल्या. निवड करून लावायचे असतील तर मग माझं नाव काढून मंडळाच्या नावाने लावा. चूक दाखवली तर दुरुस्त करीन, गैरसोयीचं वाटतं म्हणून काढणार नाही.

मॉडेल आजच्या आज गच्चीवरून खाली आणा आणि आरसा बसवून द्या. आयटीआयच्या पोरांना मंडळाच्या लेटरहेडवर आभाराचं पत्र द्या, प्रत्येकाला नावानिशी, त्यांना पुढे नोकरीला कामी येईल.

आणि शेवटचं, हॉल एकदा लेखी दिला की बैठकीत ठराव केल्याशिवाय रद्द करायचा नाही असा नियम करा. हे माझ्यासाठी नाही, पुढच्या वेळी कुणा कवीचा नाहीतर भजनी मंडळाचा कार्यक्रम असेल.

पुढची बैठक शनिवारी संध्याकाळी आहे असं कळलं. मी खाली वाचनकक्षात पेपर वाचत बसलेला असेन, बोलावलं तर वर येतो, पॅनलचे सगळे कागद सोबत असतील. नाही बोलावलं तर जानेवारीत चौकातल्या मारुतीच्या पारावर मांडव टाकायची परवानगी मागणार आहे, मॉडेल तेवढं परत द्या.

कळावे,

आपला,
वाचनालयाचा आजीव सभासद, निवृत्त नौसैनिक (पाणबुडी विभाग)